कागद वाळेपर्यंत

माझ्या एका वहीत लागोपाठ तीन पानं आहेत. पहिलं जुलैमधलं, हर्णैच्या किनाऱ्यावरचं. दुसरं सप्टेंबरमधलं, लेहचं. तिसरं डिसेंबरमधलं, वाईजवळच्या मेणवलीच्या घाटाचं. कागद तोच, रंगांची पेटी तीच, ब्रश तेच दोन आणि हातही माझाच. तरी अनोळखी माणसाला दाखवली तर तो म्हणेल, तीन वेगळ्या माणसांनी काढलीत. हर्णैच्या पानावर सुवर्णदुर्गाची तटबंदी कुठे संपते आणि ढग कुठे सुरू होतो, हे आता मलाही सांगता येत नाही. लेहच्या आकाशात ब्रशचा एकेक फटकारा मोजून घ्यावा इतका सुटा दिसतो. मेणवलीच्या पायऱ्या मात्र शहाण्यासारख्या बसल्या आहेत. उन्हाची बाजू, सावलीची बाजू, दोन्हींमधली कड स्वच्छ.

बरीच वर्षं मी पहिल्या दोन पानांचा दोष स्वतःच्या हाताला देत होते. हात कच्चा होताच, ते नाकारत नाही. पण खरा फरक हवेचा होता. तैलरंग वाळतो तो तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन, सावकाश, दिवसेंदिवस. जलरंग वाळतो तो नुसतं पाणी उडून, काही मिनिटांत. त्या मिनिटांत काय घडतं यावरच कडा, मिसळण, डाग, पोत सगळं ठरतं. जागेवर बसून जलरंगात काम करणाऱ्याच्या शेजारी तिथली हवाही ब्रश धरून बसलेली असते. प्रवासातल्या चित्रवहीबद्दल लोक दृश्याची निवड, रेखाटन, पेटीतले रंग असं बरंच बोलतात. हवेबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

आधी पेटीतली वडी बघू. रंगद्रव्याची अतिशय बारीक पूड आणि डिंक, एवढाच तिचा मूळ ऐवज. हा डिंक बाभळीच्या कुळातल्या आफ्रिकी झाडांचा, बराचसा सुदानकडून येणारा. बाळंतिणीच्या लाडवातल्या डिंकाचा हा चुलत भाऊच म्हणायचा. डिंक पाण्यात विरघळतो, पुडीचे कण कागदाला चिकटवतो आणि पुन्हा पाणी लागलं की पुन्हा सुटतो. म्हणून तर महिनाभर माळ्यावर पडलेली पेटी ओल्या ब्रशने दोनदा घासली की जागी होते. प्रवासी माणसाला आणखी काय हवं?

ही सोय मात्र फार जुनी नाही. पूर्वी चित्रकाराला रंग स्वतः घोटावे लागत. वड्यांच्या रूपातल्या जलरंगांसाठी लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने रीव्ह्ज यांना १७८१ मध्ये गौरवलं आणि तिथून तयार पेट्यांचा जमाना सुरू झाला. त्या वड्या दगडासारख्या असत, घासून घासून रंग काढावा लागे. १८३५ मध्ये विन्सर अँड न्यूटन या कंपनीने त्यात ग्लिसरीन घातलं. ग्लिसरीन हवेतलं बाष्प ओढून धरतं, त्यामुळे वडी मऊ राहते. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकी चित्रकाराने पिळायची धातूची ट्यूब शोधली आणि १८४६ पासून जलरंगही ट्यूबमध्ये मिळू लागले. आपल्याकडे बहुतेकांची ओळख शाळेतल्या कॅम्लिनच्या पेटीपासून सुरू होते. दांडेकरांनी १९३१ मध्ये सुरू केलेली ही कंपनी आधी शाईची, रंग नंतर आले. शाळकरी वड्यांत भरीची पांढरी पूड जास्त असते, म्हणून त्यांचा वॉश, म्हणजे पाणी घालून लावलेला रंगाचा पातळ थर, थोडा पिठूळ दिसतो. त्याने बिघडत मात्र काही नाही. माझी पहिली वही त्याच रंगांत आहे आणि तिच्याकडे शेवटी यायचंच आहे.

पेटी नव्हती तेव्हाही लोक निघालेच होते. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर १४९४ मध्ये न्यूरेंबर्गहून आल्प्स ओलांडून इटलीकडे निघाला आणि वाटेत इन्सब्रुक जलरंगात टिपलं. नदी, तिच्या काठचे बुरूज, पाण्यातलं प्रतिबिंब. युरोपातल्या पहिल्या निसर्गचित्रांमध्ये त्या प्रवासातली पानं मोजली जातात. फ्रेंच चित्रकार देलाक्रवाने १८३२ मध्ये मोरोक्कोतून वह्या भरून आणल्या आणि पुढे आयुष्यभर त्या शिदोरीवर मोठमोठी तैलचित्रं केली.

आता कागदावर पाणी पडल्यावर काय होतं ते. ओला वॉश आधी आरशासारखा चकाकतो. मग चकाकी मंदावते. मग चकाकी जाते, पण कागद बोटाच्या पाठीला गार लागतो, म्हणजे आत ओल आहे. शेवटी गारपणाही जातो. चकाकी असेपर्यंत दुसरा रंग सोडला तर तो पसरून विरघळतो, पूर्ण वाळल्यावर लावला तर धारदार कड मिळते. फसगत होते ती मधल्या काळात, चकाकी गेल्यावर आणि गारपणा जाण्याआधी. त्या वेळी पाण्याने भरलेला ब्रश टेकवला की नवं पाणी अर्धवट बसलेल्या कणांना ढकलत बाहेर नेतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वाकडीतिकडी कड उमटते. हात चालवण्याचा मोह त्याच वेळी सर्वांत जास्त होतो, हा या माध्यमाचा खट्याळपणा.

वॉशच्या कडेला आपोआप जी गडद रेघ येते तिचं कारण मला चित्रकलेच्या पुस्तकात सापडलं नाही, पदार्थविज्ञानात सापडलं. टेबलावर सांडलेला चहाचा थेंब वाळला की मधे फिकट आणि कडेला गडद कडं राहतं, ते का, याचा उलगडा शिकागोच्या संशोधकांनी १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये केला. थेंबाची कड पृष्ठभागाला पकडून बसते, आत सरकत नाही. कडेला पाणी सर्वांत वेगाने उडतं. ती तूट भरायला मधलं पाणी कडेकडे वाहत राहतं आणि तरंगणारे कण बरोबर नेतं. मेणवलीच्या पायरीच्या कडेला मी काढलेली नाही अशी एक बारीक गडद रेघ आहे, ती अशी आली.

वाळल्यावर रंग फिका पडतो, हे जलरंगवाल्यांचं कायमचं रडगाणं. ओल्या कागदात तंतूंमधल्या पोकळ्यांत हवेऐवजी पाणी असतं, प्रकाश कमी विखुरतो, म्हणून रंग खोल दिसतो. पाणी उडालं की पोकळ्यांत पुन्हा हवा येते आणि रंगावर पांढरट झाक चढते. ओली माती गडद दिसते, भिजलेलं लुगडं गडद दिसतं, तसंच हे. म्हणून जागेवर बसून 'आता बरोबर झालं' असं वाटलं की घरी ते फिकं निघणार, हे गृहीत धरून दोन पावलं गडद लावायचं.

हे सगळं मनात ठेवून हर्णैला या. जुलैत मासेमारी बंद असते. एरवी संध्याकाळी जिथे लिलावाचा गलका असतो तिथे ओढून घेतलेल्या, ताडपत्रीने झाकलेल्या होड्या आणि कुत्री. दोन सरींच्या मधे मी आकाशाचा वॉश घातला आणि थांबले. दहा मिनिटं. वीस मिनिटं. कागद चकाकतोच आहे. हवा बाष्पाने इतकी भरलेली की पाण्याला उडायला जागाच नाही. धीर सुटला आणि ओल्यावरच किल्ला काढला, तो ढगात विरघळून गेला. पण त्याच संथपणामुळे आकाशात एक गोष्ट अशी झाली जी मला कधी मुद्दाम जमली नसती. अल्ट्रामरीन निळ्याचे कण पाण्यात एकमेकांना धरून गुठळ्या करतात आणि वेळ मिळाला तर कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात. त्यातून दाणेदार पोत येतो. त्या दिवशी त्यांना वेळच वेळ होता. पावसाळी समुद्रावरच्या ढगाचा तो दाणा अस्सल आहे, त्यात माझी करामत काही नाही.

आणखी एक घोटाळा त्याच दिवशी केला. पाण्याची बाटली खोलीवर राहिली होती, म्हणून डबी समुद्रात बुडवून भरली. चित्र रंगवताना काही जाणवलं नाही. दोन दिवसांनी कागदावर मिठाची बारीक नक्षी दिसली, देखणी होती, मी खूश. पण समुद्राचं मीठ दमट हवेत पाणी ओढतं. पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात ते पान चिकट होतं आणि समोरच्या पानाला धरून बसतं. आता मधे बटर पेपर घातला आहे. नदीचं, विहिरीचं, चहाच्या टपरीवरचं पाणी खुशाल वापरावं. मेणवलीला कपडे धुणाऱ्या एका आजींनी मला विचारलं होतं, "पाणी कृष्णेचंच घेतलंयस ना गं?" घेतलं होतं. समुद्राचं मात्र नको.

लेहला याच्या उलट. उंची सुमारे ३,५०० मीटर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश, हवा कोरडी, ऊन कडक, त्यात वारा. समोर नऊ मजली राजवाडा आणि त्यामागे असं निळं आकाश की पेटीतल्या एकाही निळ्याला ते झेपू नये. मी डावीकडून वॉश सुरू केला. उजव्या कोपऱ्यात पोचेपर्यंत डावी बाजू वाळून तिला कड आली होती. पुन्हा भिजवली, दुसरी कड आली. तिथल्या हवेत मोठा सलग वॉश मिळवायचा तर ब्रश मोठा हवा, पाणी भरपूर हवं आणि पाण्यात ग्लिसरीनचा थेंब टाकला तर थोडी उसंत मिळते. सुटा कागद असेल तर तो दोन्ही बाजूंनी भिजवून प्लॅस्टिकच्या पाटीवर चिकटवला की बराच वेळ ओला राहतो. वहीत हे जमत नाही. म्हणून शेवटी मी आकाशाशी भांडण सोडलं आणि फटकारे सुटेच ठेवले.

याहून पुढची पायरी म्हणजे पाणीच गोठणं. कॅप्टन स्कॉटच्या दोन्ही अंटार्क्टिक मोहिमांवर डॉ. एडवर्ड विल्सन होता. पेशाने डॉक्टर, आवडीने प्राणिशास्त्रज्ञ आणि हाताने अप्रतिम जलरंगकार. उघड्यावर ब्रश चालवणं अशक्य, बोटं काही क्षणांत बधिर होत. तो पेन्सिलने झरझर रेखाटन करी आणि आकाशाच्या, बर्फाच्या, ढगांच्या जागी रंगांची नावं लिहून ठेवी. मग मोहिमेच्या घरात, अ‍ॅसिटिलीनच्या दिव्याखाली, त्या शब्दांवरून चित्र रंगवी. दक्षिण ध्रुवाहून परतताना १९१२ मध्ये तो स्कॉटबरोबरच गेला. त्याची चित्रं पाहिली की वाटतं, रंग आधी शब्दांत नेमका पकडता यावा लागतो, मग कागदावर येतो.

एडवर्ड लिअरही तेच करी. विनोदी कवितांमुळे तो जगाला ठाऊक, पण पोट भरलं निसर्गचित्रांवर. व्हाइसरॉय नॉर्थब्रुकच्या निमंत्रणावरून तो नोव्हेंबर १८७३ मध्ये मुंबईत उतरला आणि वर्षभराहून अधिक काळ हिंदुस्थान पालथा घातला. त्याच्या रेखाटनांवर तारीख, वेळ, रंगांच्या नोंदी गिचमिडलेल्या असतात. नंतर तो बिऱ्हाडी बसून त्यावर शाई फिरवी, रंग भरी. हे मुद्दाम सांगते, कारण हल्ली 'सगळं जागेवरच झालं पाहिजे' असा एक सोवळेपणा आला आहे. सिएटलचा पत्रकार-चित्रकार गॅब्रिएल कॅम्पानारिओ याने २००७ मध्ये 'अर्बन स्केचर्स' सुरू केलं, ती चळवळ जगभर पसरली. समोर बघून, जागेवर काढणं हा तिचा पाया. त्यातून कितीतरी लोक घराबाहेर पडून काढू लागले, हे उत्तमच. पण बस सुटत असेल तर नोंदी करून संध्याकाळी लॉजवर रंग भरायला लाजू नये. विल्सन आणि लिअर आपल्या बाजूने आहेत.

आपल्या मातीतला माणूसही या गोष्टीत आहे. पुण्याच्या दरबारी इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा चित्रकार काम करी. १७९० मध्ये त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा रंगवला. पुढे वेरूळची लेणी काढली. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहात आहेत. त्याच काळात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मुंबई-पुण्यात होता. नाना फडणवीसांचं आणि सवाई माधवरावांचं चित्र त्याचंच. लेण्यांनी तो झपाटला होता. १७९५ मध्ये कान्हेरीच्या लेण्यांचं काम करताना त्याला ताप आला आणि त्यातच तो गेला. त्याने काढलेल्या वेरूळच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने १८०३ मध्ये छापील संच काढला. जागेवर जाऊन काढण्याची किंमत तेव्हा अशीही मोजावी लागे. आपण फार तर ओडोमॉस विसरतो. नंतरच्या काळात कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ आणि रंकाळ्याच्या काठी जे जलरंग केले, ते पाहिले की एकाच पाण्याकडे वर्षानुवर्षं बघण्याचा अर्थ कळतो. ते लांबच्या प्रवासाला गेले नाहीत, तरी त्यांचं पान रोज वेगळ्या हवेत भिजे.

मेणवलीला परत येते, कारण तिथे हवा सोबतीला होती तरी एक शत्रू होता. ऊन. घाट नानांनी बांधलेला, वर त्यांचा वाडा, खाली कृष्णा. काठावरच्या लहान देवळात वसईच्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा, तिच्यावर १७०७ साल. पायऱ्यांचं चित्र म्हणजे सावल्यांचंच चित्र. आणि सूर्य तासाला १५ अंश सरकतो. चाळीस मिनिटांत दहा अंश. आधी उजवी बाजू रंगवून मग डावीकडे गेलात तर चित्रात दोन सूर्य उगवतात. लँडस्केपला जाणारे जुने लोक म्हणून सांगतात, पेन्सिलने आधी सावल्यांच्या हद्दी आखून टाका आणि मग ऊन कुठेही जाऊ दे, हद्द हलवू नका. हे ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात समोरची नवी सावली जास्त सुंदर दिसते आणि माणूस हद्द मोडतो. मी मोडली आहे. घंटेच्या देवळाची सावली त्या पानावर ज्या दिशेला पडली आहे त्या दिशेला ती कधीच पडत नाही.

कागदावर थेट ऊन पडू देऊ नये. उन्हात कागद इतका झगझगतो की आपण रंग गडद लावत जातो आणि घरात तेच चित्र काजळलेलं दिसतं. सावलीत बसावं किंवा छत्री घ्यावी, पण पांढरी किंवा काळी. मी एकदा लाल छत्रीखाली अख्खं भाताचं खाचर रंगवलं. छत्रीच्या लालीत हिरवा मला फिका वाटत राहिला, मी चढवत राहिले. बाहेर आल्यावर ते खाचर पोपटासारखं ओरडत होतं.

सामानाबद्दल थोडक्यात. बारा वड्या पुष्कळ झाल्या. दोन ब्रश, एक जुना सुती फडका. कागदात मात्र काटकसर नको. कापसाच्या तंतूंचा, ३०० जीएसएमचा कागद पाणी पितो आणि तरी फुगून नाचत नाही. कागदाला जिलेटिनची खळ दिलेली असते, तिच्यामुळे रंग वर राहतो, आत झिरपत नाही. कोकणातल्या दमट कपाटात ही खळ बुरशीला आवडते. वर्षभराने त्या कागदावर ब्रश टेकवला की टिपकागदावर पडल्यासारखा रंग ठिपक्याठिपक्यांनी शोषला जातो, दुरुस्ती काही नाही. नवी वही घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी.

बघ्यांबद्दल लिहायचं तर स्वतंत्र लेख होईल. लहान मुलं "मावशी, मला काढा ना" म्हणतात, मोठी माणसं "केवढ्याला देणार?" विचारतात, आणि गावातला एक जाणता नेहमी सांगतो की ते झाड तिथे नाही, थोडं अलीकडे आहे. बहुतेक वेळा तो बरोबर असतो.

चित्र झालं, वही मिटली. रंगांवर हवेचा अंमल मात्र संपत नाही. रसेल आणि अ‍ॅब्नी या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी १८८८ मध्ये जलरंगांवर प्रकाशाचा परिणाम काय होतो याचा अहवाल दिला. काही रंग उन्हात उडतात हे तेव्हा सर्वांना माहीत होतं. त्यांना दिसलं ते असं की ओलावा आणि ऑक्सिजन नसेल तर त्यातले बहुतेक टिकून राहतात. आज संग्रहालयं जलरंग सुमारे ५० लक्सच्या मंद उजेडात, थोड्या काळापुरते मांडतात आणि पुन्हा अंधारात ठेवतात. वहीचं नशीब त्यामानाने बरं. ती मिटलेलीच असते.

माझ्या पहिल्या वहीत, त्या शाळकरी पेटीतल्या गुलाबीत, आमच्या गल्लीतल्या बोगनवेलीची दोन पानं होती. एक आईने फाडून खिडकीशेजारी टाचलं. वहीतली बोगनवेल अजून डोळ्यांत भरते. खिडकीजवळच्या पानावर कुंपणाचा राखाडी, जमिनीचा गेरू आणि पेन्सिलची तारीख आहे. जिथे फुलं होती तिथे कागद.